बिनवासाचं पाणी

गुरुवार, १२ एप्रिल १९४५

ह्यांनी ते नोकरी करतात त्या नगरच्या लष्करी डेपोतून ही कोरी डायरी आणून दिली, त्याला काही महिने झाले. "तुझं तोंड दिवसभर चालतं, त्यातलं थोडं ह्यात चालव," म्हणाले. योसेफ मास्तरकीत पडले असते तर मुलं त्यांच्या डोक्यावर बसली असती, पण बायकोला टोमणा मारायचा तर जीभ बरोबर सापडते. असो. आज डायरी उघडली, कारण अख्ख्या ख्रिस्तवाड्याशी भांडून झालंय आणि आता बोलायला कुणी उरलं नाही.

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात पटकी शिरली आहे. आमच्या वाड्यातला सहादेव तिथं बैल विकायला गेला होता, तो दुखणं घेऊनच आला. सकाळपासून जुलाब आणि उलट्या, डोळे खोल गेलेले. आणि त्याची बायको काय करत होती? विहिरीच्या काठावर बसून त्याची वाकळ धूत होती. घाण पाणी दगडांवरून वाहत परत विहिरीत! मी ओरडले तशी म्हणाली, "मंग कुठं धुवू, बाई? तुमच्या शाळंत?"

हिला काय बोलावं? शाळेत मुलींना मी 'स्वच्छता हेच आरोग्य' शिकवते आणि शाळेबाहेर हे असं.

माझा पहिला, अब्राहाम, अशाच एका उन्हाळ्यात गेला. दीड वर्षाचा होता. तेव्हा मला काही कळत नव्हतं, सगळ्या बायकांनी सांगितलं ते करत गेले. आता रोझी सहा वर्षांची आहे आणि पोटात दुसरं आहे. ह्या वेळी मी कुणाचं ऐकणार नाही. रोझीला मी जाऊ देणार नाही, हे इथं लिहून ठेवते.

रविवार, १५ एप्रिल

सहादेव गेला. प्रार्थनेच्या आधीच त्याला पुरून आलो.

दुपारी तालुक्याचे डॉक्टर गावात आले. टोचणीची लस आणली होती, ती गावातच संपली. गावच्या विहिरीत औषध टाकलं आणि पेटी बंद करून निघाले. मी वेशीपर्यंत धावत गेले. ह्या दिवसांत धावू नये म्हणतात, पण मग काय करू? म्हटलं, "डॉक्टरसाहेब, आमच्या वाड्याची विहीर निराळी आहे. गावच्या विहिरीवर आम्हाला कुणी चढू देत नाही. आमच्या विहिरीला तुमचं औषध चालत नाही का?"

ते वरमले. माणूस वाईट नाही, थकलेला आहे. म्हणाले, औषध उरलं नाही, शुक्रवारी घेऊन येतो. हातात छापील सूचनांचा गठ्ठा दिला. 'पाणी औषध टाकलेले अगर उकळलेले प्यावे. अन्न झाकून ठेवावे. माश्यांपासून सावध राहावे.' खाली सही-शिक्का.

आमच्या चर्चच्या मंडळीचे पंच कारभारी शेजारीच उभे होते. कारभारी हे त्यांचं नाव आहे, आणि कारभार करायचा सोडून बाकी सगळं ते करतात. म्हणाले, "बाई, उकाळायला सरपन कुटून आनायचं? दुष्काळानं बाभळी खाल्ल्या." खरं आहे ते. आमच्या घरीसुद्धा भाकरीपुरत्या गोवऱ्या आहेत. उकळायचं जमणार नाही. तेव्हा सगळी भिस्त औषधावर.

गुरुवार, १९ एप्रिल

पाय तुटलेत, पण आज मन कसं भरून आलंय.

डॉक्टरांचा निरोप आला की उद्या सकाळी औषध पडणार. औषध पडल्यावर काही तास पाणी शेंदायचं नाही, म्हणून आदल्या दिवशी घरोघर सांगून ठेवा. दवंडीवाला आमच्या वाड्यात यायला तयार नाही. मग मीच दवंडी झाले! एकेका दारात उभी राहून सांगितलं: उद्या विहिरीत औषध पडणार, पांढरी भुकटी असते, थोडा वास येतो, पण पटकीचं विष मरतं. भांडी घासा, पाणी झाकून ठेवा.

सगळ्यांनी मुकाट ऐकून घेतलं. ह्या वाड्यात मी सांगितलेलं पहिल्यांदाच कुणी मुकाट ऐकलं असेल. आणि संध्याकाळी विहिरीवर पाहते तर ही गर्दी! ज्या बायका एरवी चार वेळा हाका मारल्याशिवाय उठत नाहीत त्या हंडे, कळश्या, घागरी, तेलाचे रिकामे डबेसुद्धा राखेनं घासून रांगेत उभ्या. रहाट थांबायला तयार नाही. मी लांबूनच पाहिलं आणि देवबापाचे आभार मानले. सांगणारं माणूस खमकं असलं की लोक ऐकतात.

आमच्या आत्याबाईसुद्धा मागं नाहीत. घरी आले तेव्हा सासूबाईंचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, कंबर धरून ओट्यावर बसलेल्या. "दोन्ही रांजन धुतले," म्हणाल्या. ह्या वयात! मी म्हटलं, उद्या मी धुतले असते. तर म्हणाल्या, "तू गप पड. पोटुशी बाई तू, वास सोसंना तुला. भाकरीचा वास आला तरी वकते."

कधी कधी वाटतं, माझी आई असती तर हिच्याइतकीच कुरकुर केली असती आणि हिच्याइतकंच केलं असतं.

शुक्रवार, २० एप्रिल

औषध पडलं. डॉक्टरांनी बादलीत भुकटी कालवली आणि दोराने खाली सोडली. वास नाकात असा शिरला की मी लिंबाच्या झाडामागं जाऊन ओकले. रोझी टाळ्या पिटत होती. तिला वाटलं विहिरीत दूध ओतलं.

मी मात्र सगळ्यांसमोर ताठ उभी राहिले. ओकून आल्यावर.

रविवार, २२ एप्रिल

आज एक गंमत झाली, ती लिहिलीच पाहिजे.

प्रार्थना संपली तशी बायकांनी मला घेरलं. औषधाचं पाणी तोंडात घालवत नाही म्हणे. एकीची डाळ शिजेना, एकीची पोरं थू थू करतात. एक म्हणाली, मी अजून धरलंच नाही ते तोंडात. मी म्हटलं, मग पितेस काय, ऊन? तर ती पदर तोंडाला लावून हसली. सगळ्यात पुढं आक्काबाई. आक्काबाई म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी म्हातारी. एकटी असते, वाकलेली आहे, दोन वेळचं पाणी शेंदता शेंदता दमते, पण जीभ माझ्याहून लांब. म्हणाली, "दीने, तुझ्या औषधानं माझा च्या नासला. पटकीनं मरायचं ते मरंन, पर च्या पिऊन मरंन."

मला आश्चर्य वाटलं, कारण आमच्या घरी असं काहीच नाही. अंगणातल्या हंड्याला, जिथं आम्ही भांडी घासतो, तिथं वास आहे. पण पिण्याच्या रांजणातलं पाणी नेहमीसारखं गोड. मी रोज पिते आणि एकदाही मळमळलं नाही. परवा आत्याबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तुरटी फिरवली की. आन मातीचा रांजन वास खातो."

तर मी ह्या बायकांना तसंच सांगितलं. तुरटी फिरवा, मातीच्या भांड्यात ठेवा. ऐकतील तर शपथ! पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी म्हटलं, चला माझ्या घरी. सगळ्यांना ओट्यावर बसवलं, रांजणातून तांब्या भरला आणि एकेकीच्या ओंजळीत ओतलं. "सांगा आता, कुठाय वास?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. आक्काबाईनं दोनदा ओंजळ केली, ओठ चाटले. "व्हय गं. पहिल्यावानीच लागतंय. तुझ्या हातालाच गुन हाय."

"हाताला नाही, औषधाला," मी म्हटलं. "मनाचा वास आहे तुमच्या. तुम्हीच नाकं मुरडता."

आत्याबाई दारात उभ्या होत्या. चेहरा उतरलेला. बायका गेल्यावर म्हणाल्या, "कशाला वाटत सुटलीस? रांजन रिता हुईल." पाण्याचीसुद्धा चिक्कूगिरी! विहीर काय पळून चालली आहे? मी तसं म्हटल्यावर आत गेल्या. म्हातारपणी माणसं अशी हात आखडतात.

आक्काबाईला सांगितलं, तुला विहिरीवर जायचं नको, रोज तांब्या घेऊन आमच्याकडे ये.

मंगळवार, २४ एप्रिल

शाळा बंद करण्याचा हुकूम आला. वाड्यात चार घरांत दुखणं आहे. गावात मात्र उतरणीला लागलंय म्हणे. असं कसं? औषध दोन्हीकडे सारखंच.

मला काही समजेना. ओळखीच्या एका घरात गेले, तर ते म्हणाले आम्ही स्वच्छ पाणी पितो. भांडी झाकलेली होती, कोपऱ्यात घागरींची उतरंड होती, चूल सारवलेली. मी सांगितलेलं सगळं केलेलं. माश्या मात्र घोंघावत होत्या. माश्याच असणार.

रोझीला बाहेर खेळायला सोडायचं नाही, बाहेरचं खायचं नाही, आणि घरचं पाणी सोडून कुठलं पाणी प्यायचं नाही. तिला तीन वेळा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी कंटाळून म्हणाली, "आई, घरचं पानी, घरचं पानी, घरचं पानी!" 'पाणी' म्हण, म्हटलं. आजीच्या तोंडचं सगळं उचलते कार्टी.

बुधवार, २५ एप्रिल

आक्काबाई गेली.

पहाटे भिंतीवर धपधप ऐकू आलं. गेले तर ती भुईवर, घरभर घाण, आवाज बसलेला. माझा हात धरला आणि म्हणाली, "दीने, च्या पाज." मी चहा केला, त्यात मीठ-साखर घातली, घोटघोट पाजत होते. तो तसाच परत येत होता. दुपारी हात गार पडला. डॉक्टरांकडे माणूस पाठवला होता, ते दुसऱ्याच गावी. प्रार्थना चालवणारे पाळकसाहेब नेवाशाला, रस्ते बंद. कारभारींनी प्रार्थना केली आणि उन्हं कलायच्या आत तिला पुरलं. एवढी बोलणारी बाई, आणि तिच्यासाठी बोलायला धड चार माणसं नव्हती.

मला हेच कळत नाही की तिनं रविवारपासून आमच्याच घरचं पाणी प्यायलं. दुसरं नाहीच. मग पाण्यातून येतं हे तरी खरं का? का कागदावर छापणाऱ्यांनाच ठाऊक नाही?

रोझी माझ्यामागं कबरस्थानापर्यंत आली होती, मला कळलंच नाही. उन्हानं तोंड लालबुंद. घरी आल्याबरोबर "पानी, पानी." आत्याबाईंनी रांजणातलं गार पाणी तांब्याभर पाजलं. तेव्हा कुठं हसली.

मी तिला एक धपाटा घातला. मागं आली म्हणून.

शुक्रवार, २७ एप्रिल

रोझीला सुरू झालं.

रविवार, २९ एप्रिल

लिहिते, कारण लिहिलं नाही तर ओरडेन आणि आत्याबाई घाबरतील.

शुक्रवारी सकाळी पोट दुखतं म्हणाली. मग दर घडीला. दुपारपर्यंत तिचे गाल आत गेले, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतली. अब्राहामची अशीच झाली होती. मला ती बोटं ठाऊक होती.

आत्याबाई म्हणत होत्या, पाणी पाजू नको, पाण्यानं वाढतं. मी ऐकलं नाही. होत्या नव्हत्या तेवढ्या गोवऱ्या घालून पाणी उकळलं, मीठ टाकलं, चमच्या-चमच्यानं घातलं. ती म्हणे, "आई, हे नको, रांजनातलं गार दे." मी नाही दिलं. सूचनेत उकळलेलं लिहिलंय, दुखण्यात तरी उकळलेलंच द्यावं असं वाटलं. ती मागत राहिली आणि मी 'नाही' म्हणत राहिले.

नगरच्या इस्पितळात शिरेतून मिठाचं पाणी घालतात, ते मिळालं तर पोर वाचतं, असं डॉक्टर म्हणाले होते. शनिवारी उजाडताच कारभारींनी त्यांची गाडी जुंपली. एरवी मी त्यांना काय काय बोलते, पण माणूस न विचारता आला. मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो. तिथं शिपाई बसवलेले. उतारूंच्या सर्व्हिस मोटारी बंद. घोडेगावकडून कुणाला पुढं सोडायचं नाही, असा हुकूम. मी पाया पडले. शिपाई पोरसवदा होता, रडायच्या बेतात आला, पण म्हणाला, "बाई, माजी नोकरी जाईल."

मग लष्कराच्या मोटारी आल्या, एकामागून एक, नगरकडे चाललेल्या. ह्यांच्याच डेपोच्या असतील. मी रोझीला दोन्ही हातांवर उचलून रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. पहिल्या मोटारीनं कर्णा वाजवला आणि बाजूनं गेली. बाकीच्याही गेल्या. धुळीनं काही दिसेना. कारभारींनी मला ओढून बाजूला घेतलं.

लिंबाखाली बसलो. कारभारी म्हणाले, सत्तारभाईचा टांगा आडवाटेनं जातो, मी आणतो. ते धावत गेले. सत्तारभाईही लगोलग आले, टांग्यात गवताची गादी घालून आले. पण तोवर रोझीनं डोळे वर केले होते. शेवटी तिनं पाणी मागितलं नाही. काहीच मागितलं नाही.

सत्तारभाईंनी टांगा तसाच वळवला आणि आम्हाला घरी आणून सोडलं. आत्याबाई दारात उभ्या होत्या. मला काही सांगावं लागलं नाही.

तिला अब्राहामशेजारी ठेवलं. ह्यांना तार गेली आहे. कॅम्पातून कुणाला बाहेर सोडत नाहीत.

मी इथं लिहून ठेवलं होतं की जाऊ देणार नाही. मी काय, आणि माझं लिहिणं काय.

सोमवार, ३० एप्रिल

सकाळी आत्याबाईंनी चहा आणून दिला. दोन दिवस पोटात काही नव्हतं. कप तोंडाला लावला आणि तो वास आला.

औषधाचा. त्या दिवशी विहिरीवर आला होता तोच, ज्यानं मी झाडामागं गेले होते.

मी कप खाली ठेवला आणि उठून आत गेले. पहिला रांजण रिकामा, कोरडा. दुसऱ्याच्या तळाला ओंजळभर पाणी. बोट बुडवून चाखलं. गोड. बिनवासाचं. बाजूला हंडा होता, नुकताच विहिरीवरून आणलेला, त्याला वास.

तुरटी कुठंच नव्हती. आमच्या घरात तुरटी कधी नव्हतीच. मी कधी पाहिलं नाही.

मग मला ती गुरुवारची संध्याकाळ आठवली. विहिरीवरची गर्दी, तेलाचे डबे, आत्याबाईंचं ओलं लुगडं. रांजण धुतले नव्हते, भरले होते. अख्ख्या वाड्यानं भरून ठेवलं होतं, वासाचं पाणी उद्यापासून येणार म्हणून. मीच दारोदार जाऊन सांगितलं होतं, उद्या औषध पडणार. आणि मी लांब उभी राहून देवाचे आभार मानत होते! सहादेवची वाकळ धुतलेलं पाणी सगळे झाकून, जपून, घासलेल्या भांड्यांत ठेवत होते.

आणि मी ते ओंजळी-ओंजळीनं वाटलं. स्वतःही रोज तेच प्यायले, आणि मला काही झालं नाही. आक्काबाईला म्हटलं, रोज ये.

आत्याबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांना काही कळलेलं नाही. त्यांना वाटलं मी वासामुळं उठले. म्हणाल्या, "संपलं गं. तुज्यासाटी जपून वापरत हुते. मी च्या पीत न्हवते त्यातला, तुला आन रोझीलाच देत हुते. आता वासाचंच हाय. नासलाय का च्या?"

मी परत ओट्यावर गेले आणि कप उचलला. "नाही," म्हटलं. "रोजच्यासारखाच आहे." आणि सगळा प्यायले.

बुधवार, २ मे

डॉक्टर दुसऱ्यांदा औषध टाकायला आले. विहिरीवर पुरुषमाणसं काठ्या घेऊन उभी. ह्या आठवड्यात वाड्यानं नऊ माणसं पुरली आहेत. कारभारी पुढं झाले. शिवीगाळ नाही, हात जोडून म्हणाले, "साहेब, आता बास. औषध पडल्यापास्नं मानसं मराय लागली. आक्काबाई ह्या बाईंच्या घरचं औषधाचं पानी पीत हुती, ती गेली. बाईंची रोझी गेली. बाईंच्यापेक्षा नेमानं कोन पीत हुतं? आमी न्हाई टाकू देनार."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं. माझ्याकडून त्यांना आशा असावी.

गप्प बसावं असं फार वाटलं. गप्प बसले असते तर औषध पडलं नसतं, आणि आणखी कितीजण गेले असते. बोलायचं तर घरात म्हातारी आहे, तिनं नातवंडं मांडीवर वाढवली. औषध अडवायची कुजबुज कालच कानावर आली होती. रात्रभर ह्याचाच विचार केला होता आणि एक वाट काढली होती.

मी म्हटलं, "ते औषधाचं पाणी नव्हतं. आमच्या रांजणात जुनं पाणी होतं, औषध पडायच्या आदल्या दिवशीचं. आक्काबाई ते प्यायली. रोझी तेच प्यायली. तुम्हाला रविवारी मी ओंजळीत दिलं तेही तेच. औषधानं कुणी मेलं नाही, जुन्या पाण्यानं मेले. ज्यांच्या घरात साठवलेलं असेल त्यांनी आत्ता जाऊन ओता."

कुणी हललं नाही. मग सहादेवची बायको पुढं आली. तिचं कुंकू गेलं त्याच्यानंतर तिचा धाकटाही गेला. हळूच म्हणाली, "तुमीच सांगत हुता, औषधाचं प्या. आन तुमच्याच घरात जुनं? कुनी भरलं?"

"मी," मी म्हटलं. "मी भरलं होतं."

मला वाटलं, संपलं. आता मला काय ते बोलतील आणि औषध पडेल.

मागून आत्याबाईंचा आवाज आला. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नव्हतं. लोकांना बाजूला सारत पुढं आल्या. माझ्यावर कुणी उगाच आळ घेतंय, एवढंच त्यांना कळलं होतं. मोठ्यानं म्हणाल्या, "आरं तिला कशाला बोलता? ती कशी भरंल? पोटुशी बाई, तिला वाकवतं का? मी भरलं. धा खेपा केल्या मी. तिला वास सोसना, पोरीला सोसना, म्हनून म्हटलं, तेवढं दोगींपुरतं तरी चांगलं पानी—"

तिथं थांबल्या.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग विहिरीकडे, मग डॉक्टरांच्या हातातल्या बादलीकडे. तोंड उघडंच राहिलं होतं. मी जाऊन त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

कारभारींनी काठी खाली ठेवली. डॉक्टरांनी औषध टाकलं. एकेक बाई घरात गेली आणि घागर घेऊन बाहेर आली. सगळ्या वाड्यानं पाणी उकिरड्यावर ओतलं. दुष्काळाच्या साली एवढं पाणी मी कधी ओतलेलं पाहिलं नव्हतं. चांगल्या घासलेल्या घागरी होत्या सगळ्या.

बुधवार, ९ मे

वाड्यात आठवडाभर नवीन कुणी पडलं नाही. डॉक्टरांनी निरोप पाठवला की ख्रिस्तवाड्यानं उत्तम सहकार्य केलं.

हे काल रात्री आले. तिकडं जर्मनीनं हात टेकले म्हणून नगरला बँड वाजले, रजा मिळाली. कबरस्थानात बसून आले, मग ओट्यावर बसून राहिले. मला काही विचारलं नाही. लोकांनी वाटेतच सांगितलं असणार. आईच्या पाया पडले, नेहमीसारखे. मी आयुष्यभर त्यांना मुका म्हणून चिडवलं. काल त्या मुकेपणाला हात जोडले.

आत्याबाई त्या दिवसापासून बोलत नाहीत. भाकरी पुढं ठेवली तर खातात. विहिरीवर जात नाहीत, रांजणाकडे बघत नाहीत. वाड्यातल्या बायका वाईट वागत नाहीत, उलट येऊन बसतात. कारण त्यांच्या प्रत्येकीच्या घरात असंच एखादं रिकामं भांडं आहे. पण म्हातारी कुणाकडे वळत नाही.

आज दुपारी मी तांदूळ निवडत होते. हे बाहेर खाटेवर पडले होते. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, एकदम बोलल्या. इतक्या दिवसांनी आवाज घोगरा झालेला.

"दीना."

"काय आत्याबाई?"

"आक्काबाईला माती दिऊन आलो त्या दिशी. रोझी उन्हातनं आलती. पानी पानी करत हुती." मग रांजणाकडे पाहिलं. "तवा मी तिला कशातलं पाजलं गं? हंड्यातलं का रांजनातलं?"

मी तांदूळ निवडत राहिले. बाहेर खाट करकरली, मग थांबली.

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. खरं वाटलं की नाही, कळलं नाही. थोड्या वेळानं सूप त्यांनी माझ्या हातातून घेतलं आणि राहिलेले खडे काढायला लागल्या.